चौदा मशिनं, चार डिस्ट्रो आणि एकच कमांड: पॅकेज टाकताना नक्की घोळ कुठे होतो

सर, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दात सांगतो, म्हणजे मी काही उलटंसुलटं समजलो असेन तर लगेच कळेल. ज्युनिअर कॉलेजच्या लॅबला देणगीत चौदा मशिनं मिळालीत, लिनक्सच्या चार वेगवेगळ्या जातींची, म्हणजे डिस्ट्रोंची: सात मिंटची, चार फेडोराची, दोन उबुंटूची आणि एक जुना सेंटॉस ७ चा सर्व्हर, जो एका माजी विद्यार्थ्यानं लावून दिला आणि तो मुलगा आता नोकरीला लागून बंगळूरला गेला. तुम्हाला सगळीकडे दोनच गोष्टी हव्यात, मुलांना सी++ चालवायला कंपायलर आणि नोटिसा टाईप करायला मराठी कीबोर्ड. नेटवरून उचललेली कमांड मिंटवर अर्धी चालली, फेडोरावर 'कमांड नॉट फाउंड', सेंटॉसवर 'कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट', आणि एका मुलानं फेडोरासाठीची आरपीएम फाईल (फेडोराचं पॅकेज) एलियन नावाच्या टूलनं डेब (मिंटचं पॅकेज) करून मिंटवर घुसवली, तेव्हापासून त्या मशिनवर अपडेटच होत नाहीये. वर तुमचा वैतागलेला सवाल, की सगळ्या लिनक्सवर चालेल अशी एकच कमांड का नाही.

(प्रवासात फोनवरून लिहितोय, कीबोर्ड मराठीवरच आहे, त्यामुळे कमांडसुद्धा देवनागरीत लिहितो. टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी, सगळं लहान लिपीत टाका, अपवाद असेल तिथे सांगतो.)

तर, अशी कमांड आहे की! पॅकेजकिट नावाचा एक प्रकार आहे, त्याची कमांड 'पीके-कॉन', मधे हायफन नाही, सलग. 'पीकेकॉन इन्स्टॉल अमुक' म्हटलं की ती मिंटवर मागच्या मागे एपीटीला सांगते, फेडोरावर डीएनएफला (हे त्या त्या डिस्ट्रोचे पॅकेज टाकणारे प्रोग्रॅम). झालं ना काम? नाही झालं. कारण फेडोरावर तुम्ही 'पीकेकॉन इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल' म्हणालात तर ती म्हणणार असलं पॅकेजच नाही, आणि ती खरं बोलतेय, बिल्ड-इसेन्शियल (कंपायलर वगैरेचा गठ्ठा) ही डेबियन घराण्याची, म्हणजे डेबियन, उबुंटू, मिंटची चीज आहे, फेडोरात त्या नावाचं काही नसतंच. मी रोज अन्सिबल वापरतो, एका जागेवरून पन्नास सर्व्हरला कामं सांगायचं टूल आहे ते, त्यातही 'पॅकेज' नावाचं मॉड्यूल आहे जे सगळ्या डिस्ट्रोवर चालतं, पण नावं मात्र प्रत्येक घराण्याची वेगळी लिहून द्यावी लागतातच. म्हणजे अडचण कमांडची नव्हतीच. एपीटी काय, डीएनएफ काय, आर्च नावाच्या डिस्ट्रोचा पॅकमन काय, तीन कमांडी पाठ करायला एक दुपार पुरते. खरा प्रश्न ते पॅकेज कुणी, कुठल्या डिस्ट्रोच्या कुठल्या व्हर्जनसाठी बांधलंय हा आहे, आणि तुमच्या चारही तक्रारी फिरून तिथेच येतात.

पॅकेज म्हणजे नुसता प्रोग्रॅम नसतो. त्यात प्रोग्रॅम असतो, तो कुठल्या फोल्डरात ठेवायचा ते असतं, त्याला अजून काय काय लागतं त्याची यादी असते, आणि टाकताना-काढताना चालवायच्या छोट्या स्क्रिप्ट असतात. हे सगळं त्या डिस्ट्रोच्या माणसांनी त्या रिलीजमधल्या कंपायलर आणि लायब्रऱ्यांवर बांधून, तपासून, सही करून रेपोत, म्हणजे डिस्ट्रोच्या ऑनलाइन कोठारात, ठेवलेलं असतं. डेबियन १९९३ पासून आपल्या पद्धतीनं बांधतंय, रेड हॅटनं (फेडोरा-सेंटॉस याच घराण्यातले) १९९५ च्या सुमारास आरपीएम आणलं, दोघं तीस वर्षं आपापल्या वाटेनं गेलेत. त्यामुळे यादीतली नावंच जुळत नाहीत. सी++ चा कंपायलर घ्या. डेबियन, उबुंटू, मिंटवर पॅकेजचं नाव 'जी प्लस प्लस', फेडोरा आणि सेंटॉसवर 'जीसीसी-सी प्लस प्लस', आर्चवर तर वेगळं पॅकेजच नाही, जीसीसी टाकलं की दोन्ही आलं. अपाचे वेब सर्व्हर डेबियनकडे 'अपाचे२', रेड हॅटकडे 'एचटीटीपीडी'. लायब्ररीच्या हेडर फाईली डेबियनकडे 'डेव्ह' शेपटीच्या पॅकेजात, रेड हॅटकडे 'डेव्हेल' शेपटीच्या, आणि आर्चवाले म्हणतात वेगळं कशाला काढायचं, मूळ पॅकेजातच घ्या. आणि काही नावं निव्वळ इतिहासाची. झेडलिब नावाची साधी कॉम्प्रेशन लायब्ररी, डेबियनमध्ये तिचं नाव 'झेडलिब१जी', तो शेवटचा 'जी' जुन्या सी लायब्ररीवरून नव्या जीलिबसीवर उडी मारली त्या काळाचा, नव्वदीच्या दशकातला, अजून चिकटलेला आहे. कोण काढणार? काढला तर त्यावर अवलंबून असलेली हजारो पॅकेजं बदलावी लागतील.

मुलं अजून एका ठिकाणी हमखास अडकतात ते सांगून टाकतो. डेब फाईलच्या नावात 'एएमडी६४' लिहिलेलं असतं आणि मुलं म्हणतात सर आपल्याकडे तर इंटेल आहे. चालतं. ६४ बिटचा हा प्रकार आधी एएमडीनं आणला म्हणून डेबियननं ते नाव ठेवलं, आरपीएमवाले त्यालाच 'एक्स८६-६४' म्हणतात, गोष्ट एकच.

आता कामाला लागू. कुठल्याही मशिनसमोर बसलात की पहिल्यांदा 'कॅट', मग स्पेस, मग ईटीसी फोल्डरमधली ओएस-रिलीज फाईल. दहा-वीसेक ओळी येतात. त्यात 'आयडी' ची ओळ सांगते हे मशीन कोण, आणि 'आयडी-लाईक' ची ओळ सांगते हे कुणाच्या घरातलं. मिंटवर आयडी-लाईकमध्ये उबुंटू दिसेल, रॉकी किंवा अल्मा (सेंटॉसच्या जागी आलेल्या डिस्ट्रो) यांवर रेड हॅट, सेंटॉस आणि फेडोरा दिसतील. नेटवरचा लेख वाचताना तो कुठल्या घराण्यासाठी लिहिलाय ते या ओळीशी ताडून बघायचं, मगच कॉपी-पेस्ट.

मिंटवर तुमची कमांड 'अर्धी चालली' म्हणालात ना, त्याचं कारण तुम्ही पाठवलेल्या एररमध्येच दिसतंय. त्या लेखात आधी एक बाहेरचा रेपो जोडायला सांगितलाय आणि त्या ओळीत 'एलएसबी-रिलीज' कमांडनं रिलीजचं टोपणनाव भरलंय. उबुंटू २४.०४ चं टोपणनाव 'नोबल', पण त्यावरच उभं असलेलं मिंट २२ आपलं नाव सांगतं 'विल्मा'. बाहेरच्या रेपोवाल्याकडे विल्मा नावाचं फोल्डर असायचं कारणच नाही, म्हणून ४०४, म्हणजे 'फाईल सापडली नाही'. मिंट २१.३ असेल तर 'व्हर्जिनिया' सांगेल, तिथे हवं असतं 'जॅमी'. ओएस-रिलीज फाईलमध्येच खाली 'उबुंटू-कोडनेम' अशी ओळ असते, तिथलं नाव घ्यायचं. मीसुद्धा पहिल्यांदा यात अर्धा दिवस घालवलाय, म्हटलं नेटच गेलंय की काय.

तसं बघितलं तर तुम्हाला तो बाहेरचा रेपो लागतच नव्हता. मिंट आणि उबुंटूवर 'सुडो एपीटी अपडेट' आणि मग 'सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल जीडीबी', एवढंच. फेडोरावर 'सुडो डीएनएफ इन्स्टॉल जीसीसी-सी++ मेक जीडीबी'. संपलं. इथे एक लक्षात ठेवा, 'एपीटी अपडेट' काहीच अपडेट करत नाही, ती फक्त रेपोतली ताजी यादी आणते, खरं अपडेट 'एपीटी अपग्रेड' करते. यादी शिळी असली की एपीटी जुन्या व्हर्जनची फाईल मागायला जाते आणि ती सर्व्हरवरून कधीच हटवलेली असते, मग परत ४०४. देणगीतलं मशीन वर्षभर बंद पडून असतं तेव्हा हे शंभर टक्के होतं. डीएनएफ यादी शिळी झाली की स्वतःच आणते, म्हणून फेडोरावाल्यांना ही सवय नसते. आणि कुणी पोरानं मांजरो-आर्च टाकलं असेल तर तिथे उलट खोड आहे, नुसती यादी ताजी करून एकच पॅकेज टाकायचं नाही, 'पॅकमन -एसवाययू' (इथला एस मात्र मोठा) करून सगळं एकदम वर न्यायचं, नाहीतर नवं पॅकेज नव्या लायब्ररीवर आणि बाकी सिस्टीम जुन्या लायब्ररीवर, अशी लटकते.

व्हर्जनचा एक वाद मुलं घालतील. घरी कुणाच्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ असेल तर जीसीसी १३ येतो, डेबियन १२ वर जीसीसी १२, रॉकी ९ वर ११, आणि तुमच्या त्या सेंटॉसवर चक्क ४.८. मुलं म्हणतात जुनं म्हणजे असुरक्षित, नवीन टाका. तसं नसतं. रॉकी, डेबियन वगैरे मंडळी व्हर्जन गोठवतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मागे आणून त्याच जुन्या नंबरात भरतात. अकरावी-बारावीच्या प्रोग्रॅमला ११ आणि १३ मध्ये काडीचा फरक पडत नाही (४.८ वर मात्र सी++१४ चं काही लिहिलंत तर रडेल). आणि हो, टर्बो सीवर शिकलेली पिढी असेल तर 'कोनिओ डॉट एच' नावाचं पॅकेज शोधत बसू नका, ती डॉसच्या काळातली हेडर फाईल, जीसीसीसोबत ती येतच नाही, 'सीएलआरएससीआर' आणि 'गेटसीएच' च्या ओळी प्रोग्रॅममधूनच काढायला लावा. यावर माझ्या एका शिक्षक मित्रानं दोन दिवस रेपो धुंडाळलेत म्हणून सांगतोय.

आता तो एलियनचा पराक्रम. एलियन आरपीएमची डेब करतं हे खरं, पण ते डबा बदलतं, आतला माल तोच राहतो. आतला प्रोग्रॅम फेडोराच्या लायब्रऱ्यांवर बांधलेला, तो 'लिब६४' फोल्डरात शोधाशोध करणार, आणि मिंटवर त्या लायब्रऱ्या 'लिब' च्या आत 'एक्स८६-६४-लिनक्स-जीएनयू' नावाच्या फोल्डरात बसलेल्या. अवलंबित्वाची यादीही नीट भाषांतर होत नाही. त्यानं कुठल्यातरी दुसऱ्या पॅकेजच्या फाईलवर आपली फाईल टाकायचा प्रयत्न केला असणार आणि मुलानं 'फोर्स' लावून ते रेटलं असणार, म्हणून आता एपीटी प्रत्येक वेळी 'अनमेट डिपेन्डन्सीज' म्हणून अडून बसतंय. सोडवायचं असं: 'एपीटी लिस्ट', आणि पुढे कोटमध्ये प्रश्नचिन्ह आणि त्याला चिकटून 'ऑब्सोलीट' लिहा. रेपोत जे नाहीच पण मशिनवर आहे अशा सगळ्याची यादी येते, घुसखोर त्यातच सापडतो. शंका असेल तर 'एपीटी-कॅश पॉलिसी' आणि पॅकेजचं नाव, त्यात उगम म्हणून कुठलाही इंटरनेट पत्ता न दिसता नुसती मशिनवरचीच डीपीकेजीची (एपीटीच्या हाताखाली डेब प्रत्यक्ष बसवणारं टूल) 'स्टेटस' फाईल दिसली तर ते बाहेरून आलेलं. ते काढा, मग 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'.

आणि थांबा, इथे वाय दाबायच्या आधी यादी वाचायची. हे मी प्रत्येक ज्युनिअरला सांगतो. एपीटी टाकायच्या यादीबरोबर 'द फॉलोइंग पॅकेजेस विल बी रिमूव्ह्ड' अशी काढायची यादी दाखवतं. त्यात सिनॅमन, नोम (हे डेस्कटॉपच), नेटवर्क-मॅनेजर असलं काही दिसलं की हात कीबोर्डवरून काढून घ्यायचा. २०२१ मध्ये एका नावाजलेल्या यूट्यूबरनं पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम हे गेमचं ॲप टाकायला घेतलं, पॅकेजमध्ये तेव्हा गडबड होती, एपीटीनं स्पष्ट बजावलं की हे केलंस तर डेस्कटॉप जाईल, पुढे जायचं तर 'येस, डू ॲज आय से!' असं पूर्ण वाक्य टाईप कर. त्यानं केलं. डेस्कटॉप गेला, लाखो लोकांनी बघितलं. त्यानंतर एपीटीवाल्यांनी नियम कडक केले, आणि आता एपीटी ३ मध्ये काढायची यादी लाल रंगात खाली येते, जिथे नजर जाते तिथे. पण रंग दिसला तरी वाचायला पाहिजे ना.

डेब फाईल डाउनलोड करून टाकावीच लागली, समजा प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनी तसाच देते, तर 'डीपीकेजी -आय' नको. डीपीकेजी बिचारं आंधळं, लागणारी बाकीची पॅकेजं आणत नाही. त्याऐवजी 'सुडो एपीटी इन्स्टॉल' आणि मग डॉट-स्लॅश लावून फाईलचं नाव. तो डॉट-स्लॅश विसरलात तर एपीटी त्या नावाचं पॅकेज रेपोत शोधत बसतं. फेडोरावर तसंच, 'आरपीएम -आय' ऐवजी 'डीएनएफ इन्स्टॉल' आणि फाईल.

मराठी कीबोर्डचं सांगतो, हा माझा आवडीचा विषय आहे, कारण इथे पॅकेज टाकून काम संपत नाही आणि लोक पॅकेजला शिव्या देतात. दोन वस्तू लागतात, फॉन्ट आणि टायपिंगचं इंजिन. फॉन्ट मिंट-उबुंटूवर 'फॉन्ट्स-लोहित-देवा', फेडोरावर 'लोहित-देवनागरी-फॉन्ट्स', शब्दांची अदलाबदल बघा नुसती. (लोहित म्हणजे लाल, रेड हॅटनं काढलेले फॉन्ट म्हणून ते नाव, मला हे कळायला काही वर्षं लागली.) आर्चवर सरळ 'नोटो-फॉन्ट्स'. टाकून झालं की 'एफसी-लिस्ट', स्पेस, मग कोलन लावून 'लँग = एमआर' सलग लिहा, मराठी येणारे सगळे फॉन्ट दिसतात, काहीच दिसलं नाही तर फॉन्ट बसलेला नाही. इंजिन म्हणजे 'आयबस-एम१७एन', हे नाव सुदैवानं फेडोरा आणि मिंट दोन्हीकडे तेच. त्यात इनस्क्रिप्टही आहे, फोनेटिकही आणि आयट्रान्सही. पण टाकल्यावर लोक म्हणतात काहीच झालं नाही. फेडोरावर लॉगआउट करून परत या आणि सेटिंग्जमधल्या कीबोर्डमध्ये इनपुट सोर्स म्हणून मराठी जोडा. मिंटवर आधी मेनूतून 'इनपुट मेथड' उघडून आयबस निवडायचं, मग लॉगआउट, मग आयबसच्या प्रेफरन्समध्ये मराठी. या मधल्या पायरीचं कुठल्याच लेखात नसतं आणि सगळे तिथेच अडकतात.

पॅकेजचं नाव आठवत नसेल, फक्त फाईल माहीत असेल, तर डिस्ट्रोलाच विचारायचं. फेडोरावर 'डीएनएफ प्रोव्हाइड्स' आणि फाईलचा पत्ता, मिंटवर 'एपीटी-फाईल सर्च' (हे टूल आधी टाकावं लागतं आणि त्याची यादी वेगळी अपडेट करावी लागते), आर्चवर 'पॅकमन -एफ' (एफ मोठा). एका डिस्ट्रोतलं नाव माहितीय आणि दुसऱ्यातलं हवंय, तर रिपॉलॉजी नावाची साईट आहे, तिथे एक नाव टाकलं की शेकडो रेपोंत ते कुठल्या नावानं आणि कुठल्या व्हर्जनला आहे सगळं येतं. मी आठवड्यातून दोनदा तरी बघतो.

लॅब चालू करताक्षणी पॅकेज टाकायला गेलात तर उबुंटूवर 'वेटिंग फॉर कॅश लॉक' असं येईल, पुढे 'लॉक-फ्रंटएंड' आणि कंसात 'अनअटेंडेड-अपग्र' असं अर्धवट तोडलेलं नाव. घाबरू नका, मशीन स्वतःच सुरक्षेचे अपडेट टाकतंय, चहा घेऊन या. नेटवर पहिला सल्ला मिळेल की लॉकची फाईल डिलीट करा. अजिबात करू नका, दोन हात एकाच वेळी डीपीकेजीच्या वहीत लिहायला लागले की ती वही फाटते. आणि मधेच लाईट गेली तर? आपल्याकडे जाणारच. मशीन परत चालू झाल्यावर एपीटी स्वतःच सांगेल, 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा, ते चालवायचं, अर्धवट राहिलेलं पूर्ण होतं, दहातल्या नऊ वेळा तेवढ्यावर भागतं. फेडोरावर असं झालं तर 'सुडो डीएनएफ डिस्ट्रो-सिंक'. तरी मोठं अपग्रेड इन्व्हर्टर चार्ज असताना करा.

नेटचं म्हणाल तर नऊ मशिनं एकच दोनशे एमबी नऊ वेळा ओढतायत. मिंट-उबुंटूपैकी एका मशिनवर 'एपीटी-कॅशर-एनजी' टाका, ते ३१४२ पोर्टवर बसतं, आणि बाकीच्या आठांना एपीटीच्या कॉन्फिग फोल्डरात एका ओळीत प्रॉक्सी म्हणून त्याचा पत्ता द्या. पहिल्यानं ओढलं की बाकीच्यांना लॅबमधूनच मिळतं. साध्या एचटीटीपीच्या रेपोला चालतं, एचटीटीपीएसवाले बाजूला राहतात, पण मिंट-उबुंटूचा मुख्य माल एचटीटीपीवरूनही येतो.

फ्लॅटपॅक, स्नॅप, ॲपइमेज यांचं विचारलंत, की हे तर सगळीकडे चालतं मग तेच का नको. चालतं, कारण ते आपल्या लायब्रऱ्या बरोबर घेऊन येतात. मुलांना ब्लेंडर किंवा एखादा नवा व्हिडिओ एडिटर दाखवायचा असेल तर फ्लॅटपॅक उत्तम, मिंट आणि फेडोरात ते आधीच असतं, फक्त पहिल्या ॲपबरोबर काहीशे एमबीचा रनटाइम उतरतो तेव्हा दचकू नका, पुढची ॲपं तोच वापरतात. पण कंपायलर आणि कीबोर्ड हे सिस्टीमच्या पोटात बसणारे प्रकार, ते डब्यात बंद करून उपयोग नाही. स्नॅप उबुंटूवर असतंच, तिथे 'एपीटी इन्स्टॉल फायरफॉक्स' म्हटलं तरी २२.०४ पासून मागून स्नॅपच येतं, आणि मिंटनं २०२० पासून स्नॅपला दारातच अडवलंय, म्हणून तुम्ही वाचलेल्या दुसऱ्या लेखातली 'स्नॅपडी' टाकायची ओळ मिंटवर 'नो इन्स्टॉलेशन कॅंडिडेट' म्हणत होती. बिघाड नाही तो, ठरवून लावलेला अडसर आहे. ॲपइमेजला उबुंटू २२.०४ पासून 'लिबफ्यूज२' वेगळं टाकावं लागतं, बाकी ठीक.

पायथन शिकवणार असाल तर एक इशारा. 'पिप इन्स्टॉल' (पिप म्हणजे पायथनचं स्वतःचं पॅकेज टाकायचं टूल) केलं की नव्या मिंट-उबुंटूवर 'एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट' अशी एरर येते आणि नेटवरचे शहाणे 'ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस' हा पर्याय लावायला सांगतात. अहो, नावातच लिहिलंय काय होणार ते. 'पायथन३-व्हेन्व' पॅकेज टाका, प्रत्येक मुलाचं वेगळं फोल्डर करून त्यात पिपनं काय वाट्टेल ते टाकू द्या. हे का सांगतोय, तर २०१८ साली भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याच्या सेंटॉस ७ सर्व्हरवर मी मोठ्या हुशारीनं 'पायथन' ही लिंक २.७ वरून ३.६ वर वळवली. रात्री अकरा वाजता यम (सेंटॉस ७ चं पॅकेज टाकायचं टूल) चालवलं तर 'लाईन ३०, एक्सेप्ट कीबोर्ड-इंटरप्ट, ई, सिन्टॅक्स एरर'. यम स्वतःच पायथन २ मध्ये लिहिलेलं, तो स्वल्पविराम पायथन ३ ला मान्य नाही. आणि दुरुस्त करायला काही टाकावं तर टाकणारंच मेलेलं. लिंक परत पायथन २ वर नेली आणि जिवंत झालं, दोन मिनिटांचं काम, पण ते सुचेपर्यंत पहाटेचे दोन वाजले होते. सिस्टीमचा पायथन सिस्टीमचा, त्याला हात लावायचा नाही.

आता तो तुमचा सेंटॉस. 'कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट' हा तुमच्या नेटचा दोष नाही, ३० जून २०२४ ला सेंटॉस ७ चं आयुष्य संपलं आणि त्याची मिररलिस्ट, म्हणजे पॅकेजं कुठल्या सर्व्हरवरून आणायची ती यादी, बंद झाली. जुनी पॅकेजं 'व्हॉल्ट' नावाच्या सर्व्हरवर ठेवलीत. ईटीसीमधल्या 'यम डॉट रेपोज डॉट डी' फोल्डरात जाऊन मिररलिस्टच्या ओळींपुढे हॅश लावा, बेसयूआरएलच्या ओळींपुढचा हॅश काढा आणि तिथे 'मिरर' च्या जागी 'व्हॉल्ट' लिहा, यम परत बोलायला लागेल. पण हे फक्त डेटा बाहेर काढण्यापुरतं, बॅकअपसाठी एखादं टूल लागलं तर. त्यावर आता कुठलीही सुरक्षेची दुरुस्ती येणार नाही आणि मुलांचे निकाल त्यावर असतील तर मला झोप लागणार नाही.

त्या जागी रॉकी ९ की अल्मा ९ असं कुणीतरी सुचवेल, चांगलेच आहेत दोन्ही, पण तुमचं मशीन जुनं. रेड हॅट घराण्याच्या ९ व्या व्हर्जनला प्रोसेसरमध्ये काही किमान सूचना लागतात, साधारण २००९ च्या आधीचं मशीन असेल तर तिथेच अडेल. बघायला सोपं आहे, 'ग्रेप एसएसई४_२' आणि पुढे प्रॉक फोल्डरमधली सीपीयूइन्फो फाईल. काही छापून आलं तर ठीक, रिकामं परत आलं तर रॉकी ९ विसरा आणि डेबियन टाका, ते अशा जुन्या ६४ बिट मशिनवरही चालतं. मी तुमच्या जागी असतो तर एसएसई असो वा नसो डेबियनच टाकलं असतं, आणि सवडीनं त्या चार फेडोरांवरही मिंट, कारण फेडोराची एक रिलीज तेरा महिन्यांच्या आसपास चालते आणि दरवर्षी चार मशिनं वर नेत बसायला तुमच्याकडे कोण आहे? फक्त सर्व्हर बदलताना इतकं ध्यानात असू द्या, की सेंटॉसवर फाईल शेअरिंगच्या सर्व्हिसचं नाव 'एसएमबी' होतं, डेबियनवर 'एसएमबीडी' आहे, आणि डेबियन सर्व्हिस टाकल्या टाकल्या चालूही करतं, तुम्ही सांगायची वाट बघत नाही, म्हणून आधी कॉन्फिग तयार ठेवा.

पुसण्याआधी त्या सर्व्हरवर रूट म्हणून 'एसएस -टीएलएनपी' चालवा आणि जे छापून येईल त्याचा फोटो पाठवा. शेअरिंग सोडून त्या मुलानं अजून काय काय चालू ठेवलंय ते त्यात दिसेल, मग कुठली पॅकेजं लागतील ते मी नावानिशी सांगतो.